तीन पत्तीतून पोकरकडे येताना: ऑनलाइन नवशिक्यांच्या चुका आणि त्या सुधारायची रीत

मराठवाड्यात पत्ते कुणाला मुद्दाम शिकवावे लागत नाहीत. लग्नाच्या जानवशावर, गणपतीच्या मंडपात रात्री जागताना, पोळ्याच्या करीला, कुठं ना कुठं तीन पत्ती, रमी, मेंढीकोट नाहीतर जजमेंट चालूच असतं. त्यामुळं फोनवर पोकरचं ॲप उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच वाटतं, हे तर आपल्याला येतंच. दोन पत्ते हातात, पाच मधोमध उघडे, सातांतून चांगले पाच जमवायचे. नियम अर्ध्या तासात डोक्यात बसतात. मग आठवडाभर चिप्स का उडतात, ते मात्र कळत नाही आणि ‘पत्तेच येत नाहीत’ या निष्कर्षावर गाडी थांबते.

पत्ते सगळ्यांना सारखेच येतात. फरक पडतो तो नको ते डाव खेळण्यानं. नवशिक्यांच्या बहुतेक चुका एकाच मुळाला जाऊन भिडतात: पत्ते टाकून द्यायला, म्हणजे फोल्ड करायला, मन धजत नाही. खाली टेक्सास होल्डेम या प्रकाराबद्दल क्रमानं लिहिलंय, कारण ऑनलाइन सगळ्यात जास्त तोच खेळला जातो.

सगळ्यात आधी: कुठं खेळायचं

ही पायरी ओलांडून पुढं जाऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ या कायद्यानं बंद केले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यात चालत नाही. पोकर आणि रमी दोन्ही त्यात आले. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बँकांनी आणि पेमेंट कंपन्यांनी असे व्यवहार करायचे नाहीत, हेही त्यात आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. कायदा आल्यावर देशातल्या मोठ्या ॲपनी पैशांची टेबलं बंद केली.

त्यानंतरची नवशिक्याची सगळ्यात महागडी चूक कुठली? टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेली लिंक, तिच्यावरून उतरवलेलं ॲप आणि कुणातरी अनोळखी माणसाच्या यूपीआयवर भरलेले ‘डिपॉझिट’. तिथं पत्ते खरोखर पिसले जातात की नाही, समोरचे पाच जण माणसं आहेत की एकाच खोलीतले साथीदार, हे तपासायला कसलाही मार्ग नसतो. जिंकलात तरी पैसे काढताना ‘आधी टॅक्स भरा’ म्हणून आणखी मागतात. अशा पैशाचा माग लागला की ज्यांच्या खात्यातून तो फिरला, त्यांची खाती गोठतात. सोयाबीनची किंवा कापसाची पट्टी खात्यात आलेल्या घरात खातं गोठणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. फसलाच असाल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, इथं तासातासाला महत्त्व असतं.

म्हणून शिकायचं ते फुकट चिप्सवर. फुकट चिप्सची अधिकृत ॲप आहेत, त्यांत मित्रांसाठी खाजगी टेबलही उघडता येतं. लातूरच्या होस्टेलवरची किंवा संभाजीनगरच्या मेसवरची पाच-सहा पोरं एका टेबलवर बसू शकतात. दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. संपलेल्या चिप्स रुपये देऊन विकत घ्यायच्या नाहीत, कारण त्या परत रुपयांत बदलत नाहीत आणि ‘आजच्या दिवस’ म्हणत खर्च वाढत जातो. आणि खाजगी टेबलचा हिशोब रात्री यूपीआयवर मिटवायचा नाही. तसं केलं की चिप्स फुकट राहिल्या नाहीत, तो सरळ जुगार झाला.

हातांची उतरंड नव्यानं पाठ करा

तीन पत्ती खेळलेला माणूस इथंच पहिला फसतो. तीन पत्तीत ट्रेल सगळ्यात मोठी, मग पक्की रन, साधी रन, कलर, जोडी, आणि शेवटी मोठा पत्ता. पोकरमध्ये वरून खाली क्रम असा: एकाच रंगाची सलग पानं म्हणजे स्ट्रेट फ्लश, चार सारखे, फुल हाउस म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी, मग फ्लश म्हणजे कलर, मग स्ट्रेट म्हणजे रन, मग तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी आणि मोठा पत्ता.

दोन फरक डोक्यात घट्ट बसवा. तीन पत्तीत रन कलरला मारते, पोकरमध्ये कलर रनला मारतो. कारण साध्या मोजणीत आहे. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांत साध्या रनचे ७२० आणि कलरचे १,०९६, म्हणजे रन दुर्मीळ. पाच पानांचे संच होतात २५,९८,९६०. त्यांत साधे फ्लश ५,१०८ आणि साध्या स्ट्रेट १०,२००, म्हणजे आता कलर दुर्मीळ. दुसरा फरक ट्रेलचा. तीन एक्के हातात आले की आपल्याकडे माणूस खुर्चीतून उठतो. पोकरमध्ये तीन एक्क्यांच्या वर पाच प्रकारचे हात आहेत. तीन एक्के मोठेच, पण मधे चार बदाम उघडे पडलेले असताना डोळे झाकून सगळ्या चिप्स सारण्याइतके मोठे नाहीत.

आणखी बारीकसारीक: तीन पत्तीत बऱ्याच ठिकाणी एक्का-दुर्री-तिर्री ही वरून दुसरी रन धरतात. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी ही सगळ्यात लहान स्ट्रेट. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री अशी गोल फिरणारी रन होतच नाही. इस्पिक मोठं आणि किलवर लहान असंही काही नसतं. हात अगदी सारखे निघाले तर पॉट, म्हणजे मधे जमलेल्या सगळ्या चिप्स, निम्मानिम्म वाटला जातो, शो मागणारा हरला असा नियम नाही.

आणि मधली पाच पानं सगळ्यांची आहेत, हे सतत ध्यानात ठेवा. पहिली तीन एकदम उघडतात, त्यांना फ्लॉप म्हणतात, चौथं पान म्हणजे टर्न आणि पाचवं म्हणजे रिव्हर, आणि प्रत्येक टप्प्याला पैजेची फेरी होते. समजा तुमच्याकडे नव्वी-सत्ती आहे आणि फ्लॉपला राजा, नव्वी, सत्ती पडले. दोन जोड्या, छान. समोरच्याकडे एक्क्यांची जोडी आहे, तो मागं आहे. टर्नला दुसरा राजा पडतो. आता त्याच्याकडे एक्के आणि राजे अशा दोन जोड्या झाल्या, तुमच्याकडे राजे आणि नव्व्या. तुमच्या हातातली पानं बदलली नाहीत, तरी तुम्ही मागं पडलात. नवशिका इथं ‘माझ्या दोन जोड्या’ म्हणत पैज वाढवत राहतो. प्रत्येक नवं पान उघडल्यावर आधी स्वतःला विचारायचं: या पानानं समोरच्याचं काय काय जमू शकतं?

ब्लाइंड आणि बसायची जागा

तीन पत्तीत ब्लाइंड खेळणं ही मर्दुमकी समजली जाते. पत्ते न बघता चाल, आणि बघणाऱ्यानं दुप्पट द्यायचं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे डीलर बटणाच्या (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी, दर डावाला पुढं सरकणारी चकती) डावीकडच्या दोन जागांनी पत्ते येण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, एक छोटी आणि एक मोठी. ती भरली म्हणून तुम्हाला कसलीही सवलत मिळत नाही. तरी मोठ्या ब्लाइंडवर बसलेला नवशिका ‘आपले चिप्स गेलेच आहेत, आता सोडायचं कामून?’ म्हणत सत्ती-दुर्रीवरही दुसऱ्याचा रेज, म्हणजे वाढवलेली पैज, कॉल करतो, म्हणजे तेवढ्या चिप्स भरतो. भरलेली ब्लाइंड पॉटची झाली, ती तुमची राहिलेली नाही. आता नव्यानं द्यायच्या चिप्सच्या बदल्यात काय मिळतंय, तेवढंच बघायचं.

जागेचं महत्त्व तीन पत्तीत फारसं जाणवत नाही. पोकरमध्ये ते जबरदस्त आहे. फ्लॉपनंतर बटणाच्या डावीकडचा सगळ्यात आधी बोलतो आणि बटणवाला सगळ्यात शेवटी. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. बाकीच्यांनी चेक केलं, म्हणजे पैज न लावता पुढं सोडलं, तर तो फुकटात पुढचं पान बघू शकतो, नाहीतर पैज लावून पॉट उचलू शकतो. त्याच राजा-गुलामला बटणावर किंमत आहे, पण पहिल्या जागेवरून तीच दोन पानं बहुतेक वेळा डोकेदुखीच ठरतात. ॲपमध्ये ‘डी’ लिहिलेली गोल चकती कुठं आहे, ते प्रत्येक डावाच्या सुरुवातीला बघायची सवय लावा. महिनाभर एवढी एकच गोष्ट केलीत तरी खेळ सुधारेल.

कुठले डाव खेळायचे: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

होल्डेममध्ये हातातल्या दोन पानांचे १,३२६ संच होतात. रंगाचा भेद काढला तर १६९ प्रकार. नवशिका यांतले निम्म्याहून अधिक खेळतो. सहा जणांच्या टेबलवर त्यानं पाचातला एक डाव खेळला तरी सुरुवातीला पुष्कळ झालं.

पहिल्या दोन जागांवरून: सत्तीच्या किंवा त्याहून मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एकाच रंगाचे एक्का-गुलाम आणि राजा-राणी. बाकी सगळं टाकून द्या. बटणाजवळ आलात, आणि तुमच्याआधी सगळे फोल्ड झालेत, की सगळ्या जोड्या, एकाच रंगातला कुठलाही एक्का, दश्शीच्या वरची बहुतेक जुळणी, आणि एकाच रंगातली नव्वी-अठ्ठी किंवा अठ्ठी-सत्ती अशी शेजारची पानं वाढवा. तुमच्याआधी कुणी रेज केलेलं असेल तर ही यादी पुन्हा आवळायची. ही काही पवित्र यादी नाही, पण शिकणाऱ्याला ती पुष्कळ खड्ड्यांतून वाचवते.

तीन सापळे हमखास लागतात. पहिला: ‘एक्का आहे ना!’ एक्का-तिर्रीवर कॉल करून आत आलात, मधे एक्का, नव्वी, सत्ती पडले, आनंद झाला. समोरच्यानं तिन्ही फेऱ्यांत पैज लावली आणि तुम्ही भरत गेलात. पुढची दोन पानं दुर्री आणि गुलाम. शेवटी त्यानं एक्का-राणी दाखवली. जोडी दोघांचीही एक्क्यांची, पण सोबतचं पान, म्हणजे किकर, त्याची राणी आहे. तुमची तिर्री मोजलीसुद्धा गेली नाही. लहान किकरचा एक्का हरताना मोठा पॉट हरतो आणि जिंकताना छोटा जिंकतो, कारण कमी ताकदीचा हात असलेला माणूस त्याला तीन फेऱ्या पैसे देतच नाही.

दुसरा: ‘एकाच रंगाचे आहेत.’ एकाच रंगाची दोन पानं घेऊन फ्लॉपलाच कलर होण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी, साधारण ११८ डावांत एकदा. पाचही पानं उघडेपर्यंत थांबलात तरी पंधरा-सोळा डावांत एकदा. रंग जुळला म्हणून राजा-चौकी चांगली होत नाही.

तिसरा लहान जोड्यांचा. तिर्रीची जोडी आली की सोडवत नाही. फ्लॉपला तिसरी तिर्री पडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, आठ-नऊ वेळांत एकदा. स्वस्तात बघायला मिळालं आणि समोर दोघांकडे भरपूर चिप्स असतील तर ठीक. फ्लॉपला काही लागलं नाही तर निघून या. राणी, गुलाम, दश्शी मधे असताना तिर्रीच्या जोडीला चिकटून बसणं म्हणजे चिप्स वाटणं.

रमी खेळणाऱ्यांना हे लवकर पटतं. पॉइंट रमीत पहिलाच ड्रॉप घेतला तर २० गुण जातात, मधे घेतला तर ४०, आणि शेवटपर्यंत रेटत नेलं तर ८० पर्यंत. पोकरमध्ये तर फ्लॉपआधी ब्लाइंडवर नसलेल्या माणसाला फोल्ड करायला काहीच पडत नाही. जजमेंट खेळणारेही पोकर लवकर शिकतात, असं माझं मत आहे, कारण त्यांना डाव सुरू व्हायच्या आधी हाताची किंमत करायची सवय असते.

एक सवय आणखी मोडायची: नुसतं कॉल करून आत येणं, ज्याला लिंप म्हणतात. डाव खेळण्यासारखा असेल तर मोठ्या ब्लाइंडच्या अडीच ते तीनपट रेज करून या, आणि आधी कुणी नुसतं कॉल करून बसलं असेल तर त्यामागं आणखी एक ब्लाइंड वाढवा. रेज केल्यानं लोक गळतात आणि ते फार महत्त्वाचं आहे. एक्क्यांची जोडी कुठल्याही एका हातासमोर सरासरी ८५ टक्के वेळा जिंकते. त्याच जोडीवर लिंप करून पाच जणांना आत घेतलंत तर ती निम्म्याच्या आसपास येते.

कॉल करायचा की नाही, याचं साधं गणित

‘बघू तर खरं काय आहे त्याच्याकडे’ या वाक्यानं जितक्या चिप्स घालवल्या तितक्या कशानंही नाही. उत्सुकतेला किंमत असते, आणि ती आधी मोजता येते.

समजा पॉटमध्ये ६०० आहेत आणि समोरच्यानं ३०० लावले. तुम्हाला ३०० द्यायचे, मग पॉट होणार १,२००. तुमचे ३०० म्हणजे त्याचा चौथा हिस्सा, म्हणून निदान २५ टक्के वेळा जिंकणार असाल तरच कॉल परवडतो. आता तुमच्याकडे चार बदाम झालेत, पाचवा हवाय, आणि एकच पान उरलंय. एकूण १३ बदाम, ४ दिसले, उरले ९. न दिसलेली पानं ४६. म्हणजे २० टक्क्यांच्या आत. कॉल परवडत नाही. त्याच जागी समोरच्यानं फक्त १०० लावले असते तर ८०० च्या पॉटसाठी १०० द्यायचे, म्हणजे साडेबारा टक्के पुरे, तेव्हा कॉल बरोबर ठरला असता.

डोक्यात मोजायची सोपी रीत: आपला हात जमवणारी पानं मोजा. एक पान उघडायचं बाकी असेल तर त्या आकड्याला २ नं गुणा, दोन बाकी असतील तर ४ नं. कलरला ९ पानं, म्हणजे फ्लॉपनंतर सुमारे ३५ टक्के. दोन्ही टोकांनी उघडी रन, जसं छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी, तिला ८ पानं, सुमारे ३१ टक्के. मधलंच पान हवं असलेली रन फक्त ४ पानांची, साडेसोळा टक्के. इथं एक मोठी गफलत होते. ३५ टक्के हा आकडा दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तेव्हाचा. फ्लॉपला कॉल केल्यावर टर्नला समोरचा पुन्हा पैज लावणार असेल, तर आत्ता तुम्ही एकाच पानाचे पैसे देताय. तेव्हा हिशोबही एकाच पानाचा करा, सुमारे १९ टक्के. सगळ्या चिप्स फ्लॉपलाच आत गेल्या असतील तरच ३५ धरायचे.

पैज किती लावायची आणि थाप कधी मारायची

ॲपवर ‘मिन’ बटण जवळ असतं म्हणून नवशिके ६०० च्या पॉटमध्ये ५० लावतात. समोरचा कसल्याही पानांवर ते भरतो आणि रिव्हरला काहीतरी लागून जातं. चांगला हात असेल तर पॉटच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत लावा. फुकट चिप्सच्या टेबलवर लोक भराभर कॉल करतात, तिथं पूर्ण पॉटएवढी लावली तरी दोघं मागं येतात. मग लावा की.

याच कारणानं फुकट टेबलवर थापा मारू नका. ब्लफ चालतो तो पत्ते टाकू शकणाऱ्या माणसावर. ज्याला चिप्सची काही पडली नाही, तो सत्तीच्या जोडीवर ऑल-इन, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स, भरतो. अशा ठिकाणी चांगला हात येईपर्यंत थांबायचं आणि आला की पुरेपूर वसूल करायचं. ब्लफ शिकायचा तो मित्रांच्या खाजगी टेबलवर, जिथं सगळे मन लावून खेळतात. तिथंही सुरुवात अशा डावांनी करा ज्यांत फसलात तरी सुटायला वाट असते: चार बदाम आहेत, पाचवा येऊ शकतो, आणि पैज लावली तर समोरचा फोल्डही करू शकतो. रिकाम्या हातानं तीन फेऱ्या रेटत नेणं नवशिक्याचं काम नाही.

फोनवरच्या खास चुका

प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. फोनवर एका टेबलवर साठ ते ऐंशी. एवढ्या वेगात दोन-तीन टेबलं एकदम उघडली की जागा, पॉट, समोरचा माणूस, कशावरच लक्ष राहत नाही. पहिले काही महिने एकच टेबल. ‘कॉल एनी’ची, म्हणजे पैज कितीही असो आपोआप भरण्याची, खूण आधीच करून ठेवायचा पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका. वेळेची पट्टी पूर्ण वापरा. सोपा निर्णय असला तरी दोन श्वास घ्या, म्हणजे अवघड निर्णयाच्या वेळी हात आपोआप बटणाकडे जात नाही. रेंज जाणाऱ्या गावात किंवा लाइट जायच्या वेळेला डाव मांडू नका. बहुतेक ॲपमध्ये वेळ संपली की तुमचे पत्ते आपोआप टाकले जातात.

‘ॲप फसवतंय’ ही तक्रारही वेगातूनच येते. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, म्हणजे फोनवर साधारण तीन तासांत. आणि समोर एकच माणूस असला तरी ती सातांतून एकदा हरते. डावच इतके होतात की हे हरणं वारंवार दिसतं आणि तेच लक्षात राहतं. अधिकृत ॲपमध्ये चिडून हातात काही येत नाही, लिंकवरून आलेल्या ॲपमध्ये मात्र शंका घ्यायलाच हवी.

हरल्यावर डोकं तापतं आणि पुढचे दहा डाव त्याच तापात खेळले जातात. यावर इच्छाशक्तीनं मात करता येते असं मला वाटत नाही, नियम आधीच ठरवावा लागतो. बसताना १०० मोठ्या ब्लाइंडएवढ्या चिप्स घ्या. त्या दोनदा संपल्या की त्या दिवशी ॲप बंद. वेळही ठरवा, तासभर पुरे. आणि कुणी आपल्या माणसात बदल पाहत असेल, तो रात्र रात्र जागतोय, उधारी लपवतोय, ऊसतोडीची उचल किंवा कॉलेजची फी ॲपमध्ये घालतोय, तर त्याला ओरडून काही होणार नाही. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. त्याच्या शेजारी बसून तो लावून द्या.

वही ठेवा

शिकणं खेळताना कमी आणि खेळून झाल्यावर जास्त होतं. एक साधी वही घ्या. रोज एकच डाव लिहायचा, ज्यात सगळ्यात जास्त चिप्स आत गेल्या तो, मग जिंकलेला असो की हरलेला. कुठल्या जागेवर होतो, हातात काय, फ्लॉपआधी काय केलं, प्रत्येक फेरीला पॉट किती आणि पैज किती, कॉल केला तेव्हा किती टक्के लागत होते आणि किती होते. ॲपमध्ये ‘हँड हिस्ट्री’ असते, तिथून आकडे मिळतात. आठवड्यानं मागची पानं वाचली की आपली एक ठरावीक चूक पुन्हा पुन्हा दिसते. कुणाची लहान किकरचा एक्का, कुणाची रिव्हरचा कॉल. पुढच्या आठवड्यात तेवढीच एक दुरुस्त करायची, सगळ्या एकदम नाही.

मित्रांच्या ग्रुपवर डाव टाकून विचारायचं असेल तर एक पथ्य पाळा. शेवटी काय उघडलं आणि कोण जिंकलं, ते लिहू नका. निकाल कळला की सगळे जिंकलेल्याला शाबासकी देतात आणि हरलेल्याला चूक ठरवतात, मग त्याचा कॉल बरोबर असो की नसो. जिथं तुम्हाला निर्णय घ्यायचा होता तिथंच डाव थांबवा, पॉट आणि पैज लिहा, आणि विचारा: कॉल, रेज की फोल्ड, आणि का? सगळ्यांची उत्तरं आल्यावर, दुसऱ्या दिवशी निकाल सांगा.